यूकेत नवा गॅस बॉयलर घ्यायचाय: कुठला ब्रँड खरोखर टिकतो?

मनीषा_रेडिंग

नमस्कार मंडळी,

आमचा कॉम्बी बॉयलर (रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही एकाच यंत्रातून) शेवटच्या घटका मोजतोय. घर लोअर अर्लीत, १९८० च्या दशकातलं, तीन बेडरूम, वर एक बाथरूम आणि खाली एक छोटी शॉवररूम. गेले काही महिने दर आठवड्याला प्रेशर शून्याजवळ येतं, मी खालचा फिलिंग लूप (पाणी भरायची नळी) उघडून पुन्हा भरते. अंघोळीच्या वेळी पाणी मध्येच गार, मध्येच चटका बसेल इतकं कढत. परवा इंजिनियरने कव्हर काढलं तर मुख्य हीट एक्स्चेंजरमधून पाणी झिरपून खालच्या सर्किट बोर्डावर उतरलेलं. दोन्ही बदलायचे तर जवळजवळ निम्म्या बॉयलरचे पैसे, आणि बॉयलर पंधरा वर्षांचा. म्हणजे नवा घ्यायचा हे नक्की.

आई-बाबा ऑक्टोबरात वाईहून येताहेत, मार्चपर्यंत राहतील. बाबांचे गुडघे थंडीत आखडतात, आईला पहाटे उठून अंघोळ लागते. ऐन जानेवारीत घर गार पडून इंजिनियरची वाट बघत बसण्याची वेळ मला त्यांच्यावर येऊ द्यायची नाहीये. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण टिकाऊ वस्तू हवी.

तीन कोटेशनं आली आहेत. एक वुस्टर बॉशचं, एक व्हेलंटचं, एक आयडियलचं. वुस्टर सगळ्यात महाग, आयडियल सगळ्यात स्वस्त. तिघेही छातीठोकपणे सांगतात की आमचाच ब्रँड भरवशाचा. तुमच्या घरी कुठला आहे, किती वर्षं चालला, आणि आज घ्यायचा तर कुठला घ्याल?

---

शशी_हॅरो

डोळे मिटून वुस्टर बॉश. आमच्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त घरांत तोच आहे. आमचा ग्रीनस्टार बारा वर्षं झाली, अजून ठणठणीत. दुसरा पर्याय व्हेलंट. 'विच' मासिक मालकांना आणि इंजिनियरांनाही विचारून बॉयलरचं सर्वेक्षण करतं, तेही एकदा वाचा. बाकीच्यांकडे मी बघणारसुद्धा नाही. दहा-पंधरा वर्षांची वस्तू, त्यात तीन-चारशे पौंड वाचवून काय मिळवायचं?

---

ग्रॅनाइट_सिटी

मी अॅबरडीनला. शशी, तुझ्या बॉयलरचं आयुष्य किती ब्रँडमुळे आणि किती इतर गोष्टींमुळे, हे कसं ठरवणार?

विचारायचं कारण असं. मी आणि माझी बहीण, दोघांनी एकाच कंपनीचा, एकाच मालिकेतला बॉयलर थोड्याफार अंतराने बसवला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा होता असं मला वाटत नाही. माझ्याकडे गरम पाण्याची कधीच तक्रार आली नाही. बहीण ल्यूटनला. तिच्याकडे तीन वर्षांत गरम पाण्याची धार बारीक झाली आणि मनीषा म्हणते तसंच गार-गरम सुरू झालं. इंजिनियरने प्लेट हीट एक्स्चेंजर (नळाचं पाणी तापवणारा भाग) काढून दाखवला, आत चुन्याचा पांढरा थर. इकडचं पाणी मऊ, तिच्याकडचं खडूच्या टेकड्यांतून झिरपत आलेलं. यंत्र तेच, पाणी वेगळं.

रेडिंगचं पाणीही खडूतलंच. तेव्हा मनीषा, किटलीत बघ काय साठतं ते. तेच बॉयलरच्या आत साठतंय.

---

निळी_ज्योत

मी लेस्टरला राहतो, गेली बरीच वर्षं गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) नोंदणीकृत हीटिंग इंजिनियर म्हणून काम करतो. सगळे ब्रँड बसवलेत, सगळे उघडून दुरुस्तही केलेत. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

मनीषाताई, आधी तुमच्या जुन्या बॉयलरबद्दल. दर आठवड्याला प्रेशर उतरतं, पण रेडिएटर तापलेले असताना काटा वर कुठपर्यंत जातो ते पाहिलंत का? तो ३ बारकडे चढत असेल तर आतला एक्स्पान्शन व्हेसल हवा सोडून बसलेला असतो. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगण्याला जागा या व्हेसलमध्ये मिळते. ती जागाच नसली की ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून निघून जातं. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसत नाही, मग तो ठिबकत राहतो. लोक वर्षानुवर्षं वरून नवं पाणी भरत राहतात. प्रत्येक भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन आणि चुना आत जातो, आधी टाकलेलं इनहिबिटर (गंजरोधक रसायन) पातळ होतं, रेडिएटर आतून गंजतात, त्याचा काळा गाळ बॉयलरमध्ये येतो. तुमचा हीट एक्स्चेंजर गळला त्याची सुरुवात या व्हेसलपासून झालेली असू शकते. दर वर्षीच्या सर्व्हिसमध्ये व्हेसलचा दाब तपासून पंपाने हवा भरणं हे थोड्या वेळाचं काम आहे. पण पुष्कळ 'सर्व्हिस' म्हणजे कव्हर काढून व्हॅक्यूम फिरवणं आणि कागदावर सही, एवढीच असते. याचा मला मनापासून राग येतो.

आता ब्रँड. घरगुती बॉयलरमध्ये बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पंखा, पंप, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (उष्णता कधी रेडिएटरकडे, कधी नळाच्या पाण्याकडे वळवणारा), प्लेट हीट एक्स्चेंजर, इलेक्ट्रोड, तापमानाचे सेन्सर, सर्किट बोर्ड, आणि तो व्हेसल. यातले कितीतरी सुटे भाग वेगवेगळे ब्रँड त्याच मोजक्या पुरवठादारांकडून घेतात. त्यामुळे जाहिरातीत दिसतो तेवढा फरक यंत्रात नसतो. जो खरा फरक आहे तो असा.

व्हेलंटच्या इकोटेकमध्ये आणि व्हीसमनच्या व्हिटोडेन्समध्ये मुख्य हीट एक्स्चेंजर स्टेनलेस स्टीलचा. वुस्टर बॉशच्या ग्रीनस्टारमध्ये आणि आयडियल लॉजिकमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियम उष्णता झटकन देतं आणि स्वस्त पडतं, पण पाण्याचा सामू (पीएच) बिघडला की ते गंजून झिजतं. इनहिबिटर वेळच्या वेळी तपासलं तर तेही दीर्घायुषी. निष्काळजीपणा मात्र स्टील जास्त सहन करतं. आयडियलच्याच व्होग मालिकेत स्टील आहे, तेव्हा 'आयडियल म्हणजे स्वस्तातलं' हे सरसकट खरं नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये दोन कंपन्यांपेक्षा जास्त फरक असू शकतो. कोटेशनवर नुसतं 'वुस्टर' किंवा 'आयडियल' लिहिलं असेल तर पूर्ण मॉडेल लिहून मागा.

दुसरा फरक सुट्या भागांचा. आयडियल हलमध्ये बनतात, बॅक्सी प्रेस्टनमध्ये, व्हेलंटचा कारखाना डर्बीशरमध्ये बेल्परला आहे. या तिघांचे आणि वुस्टरचे भाग मला लेस्टरच्या काउंटरवर बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतात. तुमच्या आई-बाबांच्या दृष्टीने जानेवारीतल्या मंगळवारी भाग किती तासांत हातात येतो, हा प्रश्न ब्रँडच्या प्रतिष्ठेपेक्षा मोठा आहे.

आणि सगळ्यात मोठा फरक बसवणाऱ्या माणसाचा. जुन्या सिस्टिममधला गाळ न काढता नवा बॉयलर टांगला, तर कुठलाही ब्रँड तीन-चार वर्षांत त्रास देतो. बीएस ७५९३ हे मानक आहे, त्याची २०१९ ची आवृत्ती स्पष्ट सांगते: सिस्टिम धुवायची, इनहिबिटर घालायचं, पाइपात फिल्टर बसवायचा, दर वर्षी पाणी तपासायचं. तिन्ही कोटेशनं घ्या आणि बघा, 'सिस्टिम क्लीन' असं कुठे लिहिलंय आणि ते नेमकं कसं करणार. स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा इथे स्वस्त झालेलं असतं.

एक विचारतो. तुमच्या रेडिएटरना जाणारे पाइप बोटापेक्षा बारीक आहेत का? त्या काळातल्या घरांत ८ किंवा १० मिलिमीटरचे मायक्रोबोअर पाइप पुष्कळ दिसतात. तसं असेल तर गाळ काढण्याचं काम आणखी जपून करावं लागतं.

---

शशी_हॅरो

ज्योत, माहिती उत्तम. पण मग ब्रँडला अर्थच नाही असं म्हणायचंय का? मला ते पटत नाही. डोंबिवलीला आमच्या घरी पाणी तापवायला तांब्याचा बंब होता, त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. इथे यंत्रात इतके भाग आहेत की बनवणाऱ्याची गुणवत्ता कुठेतरी दिसणारच.

---

निळी_ज्योत

दिसते, शशीभाऊ. तुमचं म्हणणं अर्धं मलाही मान्य आहे. अगदी अनोळखी नाव, इथे ज्याचं सेवा-जाळं नाही, ते मी कुणालाही सुचवणार नाही. वुस्टर, व्हेलंट, व्हीसमन, आयडियल, बॅक्सी, इंटरगॅस, आटाग या पहिल्या पंगतीत निवड करताना मात्र मी ब्रँडला पाणी, बसवणूक आणि सर्व्हिस यांच्यानंतर चौथा क्रमांक देईन. तुमच्या रस्त्यावर वुस्टर जास्त आहेत याचा एक खरा फायदा आहे: तिथल्या इंजिनियरांना तो तोंडपाठ असतो, नेहमी लागणारे भाग व्हॅनमध्येच असतात.

---

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून, ॲमस्टेलवीन. विषय बघून राहवलं नाही.

इंटरगॅसचं नाव वर आलं. इकडे तो फार आवडता, कोव्होर्डनला बनतो. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यात डायव्हर्टर व्हॉल्व्हच नाही. ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यात तांब्याच्या दोन स्वतंत्र नळ्या, एक हीटिंगची, एक वापराच्या पाण्याची. हलणारे भाग मोजकेच. आमचा बरीच वर्षं विनातक्रार चालू आहे आणि शेजारीपाजारीही तोच अनुभव. इकडच्या बाजारात अॅपलडोर्नचं रेमेहा आणि डेव्हेंटरचं नेफिट हे दुसरे दोन मोठे. नेफिट म्हणजे बॉशच, आणि रेमेहा २००९ पासून तुमच्या बॅक्सीच्याच समूहात. नावं देशागणिक बदलतात, घराणी तीच.

पण इकडचा अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नका. इथल्या पाणीकंपन्या पाणी घराघरांत पाठवण्याआधीच बऱ्याच भागात मऊ करून देतात. रेडिंगसारखं पाणी वर्षानुवर्षं त्या तांब्याच्या नळीतून गेलं तर चुना थेट मुख्य ठोकळ्यातच बसेल, आणि तो काढणं प्लेट बदलण्याइतकं सोपं नाही. ज्योत, बरोबर ना?

---

निळी_ज्योत

अगदी बरोबर. डायव्हर्टर नाही हा मोठा गुण, आणि मऊ पाण्याच्या भागात, स्कॉटलंड, मँचेस्टर, वेल्समध्ये, मी तो आनंदाने बसवतो. खडूच्या पट्ट्यात आधी पाण्याचा बंदोबस्त, मग इंटरगॅस.

मनीषाताई, तुमच्या भागात पाण्याची कठिणता २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भाग) वर सहज असते. त्या आकड्याच्या वर कॉम्बीच्या पाण्यावर चुन्याविरुद्ध उपाय करावा, असं बांधकाम नियमांचं मार्गदर्शनच आहे. कोटेशनमध्ये स्केल रिड्यूसर आहे का बघा. मिठावर चालणारा सॉफ्टनर सगळ्यात परिणामकारक, पण एक ध्यानात ठेवा: रेडिएटरचं पाणी भरताना सॉफ्टनर बाजूला ठेवून साधं पाणी भरायचं, विशेषतः हीट एक्स्चेंजर ॲल्युमिनियमचा असेल तर. बॉयलरच्या पुस्तिकेत त्याबद्दल लिहिलेलं असतं.

आणि एक फुकटचा उपाय. वापराच्या पाण्याचं तापमान ६० वर ठेवू नका. ४८-५० पुरे. चुना जास्त तापमानाला जास्त बसतो, आणि तसंही अंघोळीला आपण त्यात गार मिसळतोच. 'प्रीहीट' नावाची सोय असते, नळ उघडला की लगेच गरम पाणी यावं म्हणून बॉयलर प्लेट सतत तापती ठेवतो. कठीण पाण्याच्या भागात ती बंद ठेवा. नळाला गरम पाणी यायला थोडा वेळ जास्त लागेल, प्लेट मात्र जास्त वर्षं टिकेल.

---

वैशाली_बर्मिंगहॅम

आमची दोन घरं भाड्याने दिलेली आहेत, तेव्हा बॉयलरशी माझा संबंध स्वतःच्या घरापेक्षा जास्त. मी ब्रँडआधी वॉरंटी बघते, आणि वॉरंटीपेक्षाही तिच्या अटी.

दहा वर्षं, बारा वर्षं असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. लहान अक्षरांत असतं ते असं: कंपनीच्या मान्यताप्राप्त इन्स्टॉलरनेच बसवलेला असला तर दहा, नाहीतर पाच किंवा त्याहून कमी. ठरावीक फिल्टर बसवला असेल तर आणखी. बसवल्यावर ठरलेल्या मुदतीत नोंदणी केली तर. दर वर्षी सर्व्हिस झाली आणि तिची बेंचमार्क पुस्तिकेत नोंद असली तर. आणि चुना किंवा गाळामुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरतच नाहीत.

आमच्या एका घरात हेच घडलं. बॉयलर चौथ्या वर्षी बंद पडला, कंपनीचा माणूस आला, पाण्याचा नमुना काढला, काळंभोर पाणी दाखवलं आणि दुरुस्तीचा खर्च आमच्यावर आला. बसवणाऱ्याने सिस्टिम धुतल्याची कुठे नोंदच नव्हती. भाडेकरूंच्या घरात तान्हं बाळ होतं, त्या दिवसांची आठवण मला अजून त्रास देते. तेव्हापासून धुण्याआधीच्या आणि नंतरच्या पाण्याचे फोटो मागून घेते आणि फाइलला लावते. भाड्याच्या घराला दर वर्षी गॅस सुरक्षा तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे, मी त्याच दिवशी पूर्ण सर्व्हिसही करून घेते. मनीषा, तूही स्वतःच्या घराला हाच नियम लाव.

---

मनीषा_रेडिंग

किती बारकाईने लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. पाइप पाहिले, १० मिलिमीटरचेच आहेत. काटा तापल्यावर जवळजवळ ३ वर जातो, म्हणजे ज्योत म्हणतात तेच. आत्तापर्यंत आलेल्या कुणीही मला हे सांगितलं नव्हतं, मीही मुकाट्याने पाणी भरत राहिले.

कोटेशनं पुन्हा काढून वाचली. वुस्टरच्या कोटेशनमध्ये फक्त 'फ्लश' असा एक शब्द. व्हेलंटच्यात 'केमिकल क्लीन आणि मॅग्नेटिक फिल्टर'. आयडियलवाल्याच्यात फिल्टर आहे, धुण्याचा उल्लेख नाही. स्केल रिड्यूसर कुणाच्याच कोटेशनमध्ये नाही!

आणखी दोन प्रश्न. एकाने २४ किलोवॅट सुचवलाय, दुसऱ्याने ३०, तिसऱ्याने ३५. मोठा घेतला तर जास्त टिकेल का? आणि आई शॉवर वापरत नाही, तिला बादलीच लागते. पहाटे एकीकडे तिची बादली आणि दुसरीकडे माझ्या नवऱ्याचा शॉवर असं होणार.

---

निळी_ज्योत

मोठा घेतला तर जास्त टिकेल, हा फार पसरलेला गैरसमज आहे. उलटं होऊ शकतं. कॉम्बीचा किलोवॅटचा आकडा प्रामुख्याने गरम पाण्याचा. इथे हिवाळ्यात नळाचं पाणी ५ ते ७ अंशांवर येतं, त्यात ३५ अंशांची भर घातली की अंघोळीचं पाणी. तेवढी भर घालत २४ किलोवॅट मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३० किलोवॅट साधारण १२. म्हणजे आईंची २० लिटरची बादली साधारण दोन मिनिटांत भरेल, पण त्याच वेळी शॉवर चालू असला तर दोन्हीकडे धार निम्मी. बादली भरून झाल्यावर शॉवर सुरू केला तर काहीच अडचण नाही. एवढ्यासाठी ३५ घेऊ नका. शिवाय रस्त्यावरून तुमच्या घरात मिनिटाला किती लिटर पाणी येतं हे आधी मोजायला सांगा. घरात १२ लिटरच येत असेल तर ३५ किलोवॅटचे पैसे वाया.

घर तापवायला अशा घराला कडाक्याच्या थंडीतही बहुधा ६ ते ८ किलोवॅट पुरतात. मग प्रश्न येतो की बॉयलर स्वतःला किती खाली आणू शकतो. किमान क्षमता जास्त असलेला बॉयलर सौम्य थंडीत सारखा पेटतो, विझतो, पेटतो. प्रत्येक वेळी पंखा, इलेक्ट्रोड, गॅस व्हॉल्व्ह, सगळ्यांवर ताण. टिकाऊपणा बघायचा तर माहितीपत्रकात हा किमान आकडा शोधा. व्हीसमनचे व्हिटोडेन्स २००-डब्ल्यू यात खूप खाली जातात, ही त्यांची जमेची बाजू.

रेडिएटरकडे जाणारं पाणी ७५-८० वर ठेवायची सवय सोडा. परतणारं पाणी ५५ च्या खाली आलं तरच कंडेन्सिंग बॉयलर खऱ्या अर्थाने कंडेन्स करतो, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरतो, नाहीतर ती उष्णता धुराड्यातून बाहेर. वेदर कॉम्पेन्सेशन लावलं की बाहेरच्या हवेप्रमाणे बॉयलर स्वतःच पाण्याचं तापमान ठरवतो. बाबांच्या गुडघ्यांसाठीही तेच बरं: दिवसभर मंद, एकसारखी ऊब. फक्त कंट्रोल बॉयलरच्या भाषेतला हवा. व्हेलंटला ईबस लागतो, वुस्टरला त्यांचा ईएमएस, इंटरगॅस ओपनथर्म बोलतो. ती भाषा न येणारा स्मार्ट थर्मोस्टॅट बाहेरून आणला तर तो नुसता चालू-बंद करत बसतो, त्याने हे काम होत नाही.

आणि गॅसचा पाइप. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त घटता कामा नये. तुमचा गॅसचा हॉब (शेगडी) त्याच पाइपावर असेल तर जुना १५ मिलिमीटरचा पाइप बहुधा बदलून २२ चा करावा लागेल. ज्याने तुमच्या घरी येऊन पाइपाची लांबी पाहिलीच नाही, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

---

पुरंदर

हीट पंपाचा विचार केला का? इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पौंडांचं अनुदान आहे सध्या. पंधरा वर्षांसाठी पुन्हा गॅस का?

---

मनीषा_रेडिंग

केला, आणि पुढे करायचाच आहे. पण १० मिलिमीटरचे पाइप, लहान रेडिएटर, पाण्याच्या टाकीला जागा काढायची, हे सगळं ऑक्टोबरच्या आत होणार नाही. कमी तापमानावर घर नीट तापतं का हे या नव्या बॉयलरवर कळेल, ती तयारीच समजू.

---

ग्रॅनाइट_सिटी

बॉयलर बाहेरच्या भिंतीवर असेल तर कंडेन्सेटचा (धुरातल्या वाफेच्या पाण्याचा) प्लास्टिक पाइप कुठून जातो ते जरूर बघ. २०१० च्या डिसेंबरात देशभर बॉयलर बंद पडले ते यंत्र बिघडून नाही, तो बारीक पाइप बाहेर गोठला म्हणून. तो घराच्या आतूनच सिंकच्या किंवा मलवाहिनीच्या नळीला जोडायचा. बाहेरून नेण्यावाचून इलाज नसेल तर किमान ३२ मिलिमीटरचा, उतार देऊन, जलरोधक आवरण घालून, आणि जितका आखूड तितका बरा. गोठलाच तर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही.

---

वैशाली_बर्मिंगहॅम

एक कळकळीची गोष्ट, ब्रँडच्या पलीकडची. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'ओळखीचा माणूस आहे, निम्म्यात लावून देतो' असे निरोप फिरतात. कृपा करून गॅस सेफ कार्ड बघितल्याशिवाय कुणालाही बॉयलरला हात लावू देऊ नका. कार्डाच्या मागच्या बाजूला तो माणूस कुठली कामं करू शकतो तेही लिहिलेलं असतं, ते वाचा. अर्धवट जळालेल्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, सर्दी-ताप वाटतो, आणि झोपेतच माणूस जातो. नुकत्याच आलेल्या मुलांना, चार-पाच जण मिळून घर घेतलेल्यांना हे कुणी सांगत नाही. घरमालकाने गॅस बॉयलर असलेल्या खोलीत अलार्म लावणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक आहे. नसेल तर मागा, नाही दिला तर वीसेक पौंडांत स्वतः आणा. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर खिडक्या उघडून बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा, कुठल्याही वेळी.

---

कालव्याकाठी

वैशालीताईंशी शंभर टक्के सहमत. इकडेही याच कारणासाठी एप्रिल २०२३ पासून प्रमाणपत्र असलेल्या कंपनीलाच बॉयलर बसवायची आणि दुरुस्त करायची परवानगी आहे.

---

मनीषा_रेडिंग

कळवायला आले. तिघांनाही तुम्ही सांगितलेले प्रश्न लिहून पाठवले: पूर्ण मॉडेल, सिस्टिम कशी धुणार, फिल्टर, चुन्यावर उपाय, गॅसच्या पाइपाचं मोजमाप, कंडेन्सेटचा मार्ग, वॉरंटीच्या अटी.

वुस्टरवाल्यांचं उत्तर आलं की हे सगळं आमच्यावर सोडा. आयडियलवाला सज्जन निघाला, पुन्हा घरी आला, पण म्हणाला की मायक्रोबोअर धुण्याचा त्याला फारसा सराव नाही. ते त्याने मोकळेपणाने सांगितलं याचं मला बरं वाटलं. व्हेलंटवाल्या बाई (हो, बाई इंजिनियर, आणि कामात अगदी चोख) स्वतः आल्या. पाण्याचा प्रवाह मोजला, मिनिटाला १४ लिटर. कठिणतेची पट्टी बुडवून दाखवली, लालभडक. त्यांनी स्वतःच ३० किलोवॅटचा आकडा बदलून त्याच मालिकेतला लहान सुचवला, कंडेन्सेट आतून किचनच्या सिंकला नेणार, एकेक रेडिएटर वेगळा धुणार, स्केल रिड्यूसर लावणार. वेदर कॉम्पेन्सेशनचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर. किंमत वाढली, तरी मूळ वुस्टरच्या कोटेशनच्या आसपासच आहे. त्यांचं वर्कशॉप आमच्यापासून दहा मिनिटांवर, सर्व्हिसलाही त्याच येणार.

त्यांना होकार कळवलाय. काम सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. शशी, वुस्टर नाही घेतला, रागावू नका.

---

शशी_हॅरो

अजिबात नाही! मी माझ्या वुस्टरच्या पाण्याचं इनहिबिटर शेवटचं कधी तपासलं गेलं ते शोधतोय, बारा वर्षांच्या कागदांत एकदाही नोंद नाही. याच महिन्यात करून घेतो. ज्योत, नुसतं तपासून भागेल की काढून नवंच घालायचं?

---

निळी_ज्योत

शशीभाऊ, आधी तपासा. साध्या टेस्ट किटने समजतं. पाणी काळं असेल तर धुऊन नवं घाला, स्वच्छ असेल तर भर घातली तरी चालेल. मानक सांगतं, दर पाच वर्षांनी एकतर पुन्हा डोस द्या नाहीतर प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. आणि फिल्टर नसेल तर त्याच दिवशी बसवून घ्या.

मनीषाताई, निवड उत्तम. काम संपल्यावर त्या बाईंकडून चार गोष्टी हातात घेऊनच निरोप द्या: भरलेली बेंचमार्क पुस्तिका, ज्वलनाच्या तपासणीची छापील पट्टी, वॉरंटी नोंदणीचा ईमेल, आणि धुण्याआधी-नंतरच्या पाण्याचे फोटो. बांधकाम नियमांचं प्रमाणपत्र नंतर पोस्टाने येईल, घर विकताना वकील ते मागतात, तेव्हा जपून ठेवा. पहिला महिना दर रविवारी बॉयलर गार असताना काटा बघा, १ ते १.५ च्या दरम्यान स्थिर हवा. एकदाही भरावं लागलं तर वाट न बघता त्यांना बोलवा. आई-बाबा यायच्या आत पंधरा दिवस तरी हीटिंग चालवून बघा, रेडिएटरचं बॅलन्सिंग (सगळ्यांना सारखं पाणी पोचवणं) तेवढ्यात करून घेता येईल. बाबांच्या खोलीतला रेडिएटर सगळ्यात शेवटी असेल तर ते आधीच सांगून ठेवा.